थंड खोलीतला पेरूचा वास

मी फारसा बोलणारा माणूस नाही. बायकोनं याची सवय करून घेतली, मुलांनी तक्रार करून करून सोडून दिली. पन्नाशी उलटल्यावर मात्र माझं मलाच कळायला लागलंय, की माझ्या न बोलण्याला मी उगाच स्वभाव म्हणत आलो. त्याचा बराचसा भाग एकाच गोष्टीतून आलाय. ती गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे एकीला सांगितली, पण तेही कसं, ते पुढे येईलच.

सत्तरच्या दशकाची सुरुवात, नगर जिल्ह्यातला तो दुष्काळ. पुणतांब्याच्या अलीकडे एक दूध थंड करण्याचं केंद्र होतं, तिथं मी केमिस्ट म्हणून लागलो होतो. गावोगावचं दूध सायकलींवर, बैलगाड्यांत कॅनमधून यायचं. आम्ही ते तपासायचं, थंड करायचं, एका मोठ्या टाकीत साठवायचं आणि टँकर आला की मुंबईकडे रवाना करायचं. दुष्काळामुळे दूध निम्म्यावर आलं होतं, आणि जे यायचं ते पातळ. जनावरांना चारा नव्हता, दुधाला सत्त्व कुठून येणार. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हे सबब म्हणून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

साठवणीची टाकी थंड खोलीत होती. ती खोली मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. दार हातभर जाड, आतून बुचाच्या लाकडानं मढवलेलं. ते ओढून लावलं की बाहेरचा सगळा आवाज एकदम कापल्यासारखा बंद व्हायचा, अगदी कंप्रेसरची घरघरसुद्धा. जाळीत बसवलेला एकच दिवा. श्वास तोंडापुढे धुरासारखा उभा राहायचा. बाहेर झाडांची पानं करपत होती, जमीन तडकत होती, आणि आत भिंतींवर पाण्याचे थेंब जमून हळूहळू खाली घसरत असायचे. बाहेर ज्या पाण्यासाठी बायका टँकरमागे धावत होत्या, ते इथं भिंतीतून आपोआप येतंय, याचंच मला आधी कसंतरी व्हायचं.

आमच्याकडेही पाणी टँकरनंच यायचं, आणि तेही कमी पडायला लागलं. मॅनेजरांनी एक दिवस सगळ्यांना बोलावलं आणि कुठं काटकसर करता येईल ते सुचवा म्हणाले. मी सुचवलं. थंड टाकी आणि तिचे पाइप रोज उकळत्या पाण्यानं धुवायचे, मग वाफ सोडायची, असा नियम होता. त्याला पाणीही लागायचं आणि बॉयलरला जळणही. मी म्हटलं, थंडीत जंतू वाढतच नाहीत, मग थंड टाकीला उकळतं पाणी कशाला? सोडा घालून गार पाण्यानं धुतली तरी पुरे.

मॅनेजर खूश झाले. "बघा, शिकलेला माणूस ठेवला की असा उपयोग होतो," असं सगळ्यांसमोर म्हणाले. मला ते वाक्य बरेच दिवस पुरलं.

आता इथं एक कबूल करायला हवं. थंडीत जंतू वाढत नाहीत, हे खरं नाही, हे मला माहीत होतं. कॉलेजात तो धडा मी पाठ केला होता, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. बहुतेक जंतूंना आपल्या अंगाएवढी ऊब लागते, पण काहींना थंडी चालते. त्यांचे दोन वर्ग. एक खरे शीतप्रिय. पंधरा अंशांच्या आत त्यांची भरभराट होते, वीस अंशांच्या वर गेलं की ते मरायला लागतात. आपल्याला जी सावली गार वाटते ती त्यांना भट्टी. दुसरे शीतसह म्हणावेत असे. त्यांना आवडते ऊबच, तुमच्या-माझ्यासारखी. पण ऊब नसली तरी ते थांबत नाहीत. शून्याच्या आसपाससुद्धा सावकाश, चिकाटीनं वाढत राहतात. त्या काळी पुस्तकांतही याबद्दल एकवाक्यता नव्हती. एक पुस्तक दोघांनाही शीतप्रियच म्हणायचं, दुसरं म्हणायचं की असं म्हणणं चूक आहे. जंतूला काय आवडतं त्यावरून त्याचं नाव ठेवायचं, की तो काय सोसू शकतो त्यावरून, असा तो वाद. आमचे प्राध्यापक वर्गात म्हणायचे, दोन्ही लिहा, तपासणारा कोण असेल सांगता येत नाही. वर्ग हसायचा.

मी दोन्ही लिहिलं होतं. पण हे जंतू उत्तर ध्रुवाचे, हिमालयाचे, खोल समुद्राचे, असं माझ्या डोक्यात बसलेलं. आपल्या जिल्ह्यात माणसं उन्हानं काळी पडतात, दगडावर पाय ठेवला तर पोळतो, तिथं थंडीतले जंतू कुठून येणार? ते इथल्याच मातीत असतात, विहिरीच्या पाण्यात, टँकरच्या पाण्यात असतात, आणि कुणी त्यांच्यासाठी एक थंड खोली बांधून देईल याची वाट पाहत बसलेले असतात, हे त्याच पुस्तकात दोन पानं पुढं होतं. तेही मी वाचलं होतं.

कॅन धुवायला एक बाई होती. तिशीतली असेल. तिचा नवरा एका पेरूच्या बागेत राखणदार होता. पाटाच्या पाण्यावर त्या भागात पेरूच्या चांगल्या बागा होत्या. पाट आटला तशा त्या वाळल्या. मालकानं विहीर खोल करायला काढली आणि राखणदार गाळ काढायला आत उतरला. वरून दरड कोसळली. त्याला बाहेर काढायला बराच वेळ लागला. मालकाची आणि आमच्या मॅनेजरांची ओळख होती, त्यातून तिला हे काम मिळालं. ती कामाला चोख होती आणि जवळजवळ मुकी. मला ते बरं वाटायचं. आम्ही दोघं अख्खी सकाळ एकमेकांच्या आसपास काम करायचो आणि एक शब्द निघायचा नाही.

वास पहिल्यांदा कंप्रेसर चालवणाऱ्या चाचांना आला. ते थंड खोलीत नळ्यांवरचं बर्फ खरवडायला जायचे. बाहेर येऊन मला म्हणाले, "साहेब, आत पेरू कुनी लपवून ठेवलेत? एकटेच खाताय व्हय?"

मी आत गेलो. दार लावलं. आधी काहीच आलं नाही. मग टाकीच्या बाजूला सरकलो, आणि आला. पिकलेल्या पेरूचा वास. अगदी पाड लागून पिवळा झालेला, बोटानं दाबला तर दबणारा पेरू नाकापाशी धरावा, तसा. मी टाकीच्या मागं पाहिलं, फळीवर पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं. काही नव्हतं. पंचक्रोशीत एका झाडाला पेरू नव्हता, झाडंच सरपणाला गेली होती. मला आठवतंय, माझ्या हातावरचे केस उभे राहिले आणि मी ते थंडीमुळे आहे असं स्वतःला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तो वाढला. दार उघडलं की आधी गारवा अंगावर यायचा आणि मागून तो वास. कधी असायचा, कधी नसायचा, आणि नसला की जास्त भीती वाटायची. चाचा चेष्टा करायचे थांबले. आत जाताना ते काहीतरी पुटपुटायला लागले. कॅन उतरवणारे हमाल टाकीकडे पाठ करून उभे राहीनात. आणि एकदा मी आत गेलो तर बाई आत उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हात टाकीच्या गार पत्र्यावर टेकलेले. तिचं आत काही काम नव्हतं. मला पाहून ती दचकली नाही.

म्हणाली, "साहेब, त्यो येतो हितं."

कोण, असं मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. ती सांगत राहिली. इतके महिने न बोललेली बाई, पण आवाज असा की जणू पाणी सुटल्याचं सांगतीय. नवऱ्याच्या अंगाला असाच वास यायचा. सदऱ्याला, हातांना, गोधडीला. तो गेल्यावर गोधडी धुतलीच नव्हती, पण वास काही दिवसांत उडाला. आता तो इथं आलाय.

"हिरीत लई गार असतंय खाली," ती म्हणाली. "त्यो गारव्यात गेला, म्हून गारव्यात येतो. भाइर कसा यील? भाइर किती ऊन हाय."

 तिच्या बोलण्यात एक हिशोब होता आणि तो मला त्या खोलीत उभं असताना चुकीचा वाटला नाही, हे खरं सांगायचं तर.

मी रोज दुधाच्या थेंबाच्या बशा लावत होतो. काचेच्या उथळ बशीत जंतूंना पोसणारी अगारची खळ ओतायची, त्यात दुधाचा अंश घालायचा, बशी उबेच्या पेटीत ठेवायची आणि दोन दिवसांनी जंतूंचे ठिपके मोजायचे. ठिपके नेहमीइतकेच. माझ्या कागदावर आमचं दूध स्वच्छ होतं. तिकडे मुंबईहून तक्रार यायला लागली होती, की तुमच्या टँकरच्या दुधाला फळाचा वास येतो आणि मागून जीभ कडवट होते. मॅनेजर मला विचारायचे, मी कागद दाखवायचो.

मग एका सकाळी तोंड धुताना तो धडा मला आठवला. कसा कोण जाणे, एकदम अख्खं पान डोळ्यांपुढं आलं. मी त्या दिवशी बशांचा दुसरा संच लावला आणि उबेच्या पेटीत न ठेवता पत्र्याच्या डब्यात घालून थंड खोलीतल्या फळीवर ठेवला. त्यांना वेळ द्यावा लागतो, आठवड्याहून जास्त. त्या दिवसांत मी कितीदा आत जाऊन डबा नुसता पाहून आलो. आधी काही नाही. मग टाचणीच्या टोकाएवढे, पारदर्शक, दव पडल्यासारखे ठिपके. मग ते पसरले, चकाकायला लागले, कडांना किंचित हिरवट झाक आली. ऊब दिलेल्या बशांत नेहमीचेच मोजके ठिपके होते आणि अंधारात, गारठ्यात ठेवलेल्या बशा भरून गेल्या होत्या. मी जंतूशास्त्र शिकलेला माणूस, पण मला ते बी न पेरता शेत उगवावं तसं वाटलं.

मी एका बशीचं झाकण उचललं. पेरूचा वास आला. एवढ्याशा बशीतून, सरळ माझ्या तोंडावर.

मागून बाईचा आवाज आला. ती कधी आत आली मला कळलं नव्हतं. "आला का?"

मी झाकण खाली ठेवलं आणि काही नाही म्हणालो. म्हणजे "काही नाही" हे शब्द म्हणालो. तिनं बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि समजल्यासारखी मान हलवून निघून गेली. तिला वाटलं, मलाही तो भेटतो.

त्या क्षणापासून मला सगळं माहीत होतं. वास कशाचा, तो कुठून आला, कुणामुळे आला. दुसऱ्या वर्गातले ते, शीतसह. फळासारखा वास सोडणारे त्यांच्यातले काही असतात, तेही पुस्तकात होतं. टँकरच्या पाण्यातून आले, पाइपच्या एखाद्या वळणाला चिकटले, आणि उकळतं पाणी बंद झाल्यावर त्यांना हुसकावणारं कुणी राहिलं नाही. मी मॅनेजरांकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की माझं चुकलं, गरम पाणी पुन्हा सुरू करा. मी गेलो नाही. कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात निघणार होता.

आणि मी स्वतःला एक कारण दिलं. ते कारण इतकं सभ्य होतं, की त्याची मला पुढं कितीतरी वर्षं लाज वाटली नाही. मी म्हटलं, या बाईला तिचा माणूस सापडलाय. मी खरं सांगितलं तर तो पुन्हा मरेल. आपण कोण हे करणारे?

ती रोज जात राहिली. अंगावर साधं लुगडं, पाय अनवाणी. तिला खोकला लागला. चाचांनी एकदा आपलं जुनं जाकीट तिच्या अंगावर टाकलं आणि रागावून म्हणाले, "बाई, मेलेल्याला थंडी न्हाई वाजत, तुला वाजते." ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग अमावस्या आली. आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी घास काढून ठेवायची रीत आहे, तो ती घरी ठेवायची. त्या अमावस्येला तिनं तो थंड खोलीत आणून ठेवला. पानावर दोन घास भात, जरासं दही. टाकीच्या झाकणाशेजारी, काठावर. त्या वर्षी कुणाच्या घरी तांदूळ होता? तिनं तो कुठून मिळवला असेल, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला.

मॅनेजर मुंबईचं बोलणं खाऊन तापलेले होते. ते स्वतः पाहणीला आत गेले आणि त्यांना पान दिसलं. झाकणाच्या काठावर चार शितंही सांडलेली होती. बाहेर येऊन त्यांनी बाईला बोलावलं, मला बोलावलं. आवाज चढवला नाही. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांना उत्तर हवं होतं आणि ते पानावर वाढून समोर आलं होतं. त्यांनी तिला विचारलं, हे तू ठेवलंस? ती हो म्हणाली. याआधीही काही ठेवायचीस? ती गप्प राहिली. मग ते माझ्याकडे वळले.

"काय केमिस्ट, बाहेरचं काही टाकीत पडलं तर दुधाला वास येऊ शकतो का?"

बाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तिचा माणूस माहीत आहे, मी तो बशीत पाहिलाय, तेव्हा मी काहीतरी नीट सांगेन, असं तिला वाटत होतं.

"येऊ शकतो," मी म्हणालो.

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर यात खोटं काही नाही. मी तसं ते कितीदा पाहिलंय. दही पडलं तर वास येऊ शकतो. येतोच. तो पेरूचा नसतो, एवढंच मी बोललो नाही.

तिला त्याच दिवशी काढलं. तिनं स्वतःच्या बाजूनं एक अक्षर उच्चारलं नाही. जाकीट काढून चाचांच्या खुर्चीवर घडी घालून ठेवलं आणि गेली.

नंतर जे मी केलं ते मला सगळ्यात जास्त छळतं. साप्ताहिक सुटीच्या दिवशी चाचांना मदतीला घेऊन मी टाकीखालचा पाइप उघडला. डागडुजी करतोय म्हणून सांगितलं. वळणाच्या जोडात रबराचं कडं असतं. ते काढलं तर त्याच्या मागं बुळबुळीत थर होता, बोटभर लांब. मी बोट लावलं आणि मागं घेतलं, तर बोटाबरोबर तार निघाली, लांबत गेली, तुटेना. वास इतका आला की चाचा कानाला हात लावून मागं सरले. मी ते सगळं खरवडलं, कडं बदललं, बॉयलर पेटवून पाइपांतून उकळतं पाणी सोडलं, वाफ सोडली. मॅनेजरांना म्हटलं, महिन्यातून दोनतीनदा एवढं करत जाऊ. ते बरं म्हणाले. त्यांना आता कशातच रस नव्हता.

चारपाच दिवसांत वास गेला. साफ गेला. आणि सगळे म्हणायला लागले, बघा, बाई गेली आणि वास गेला.

मी हे धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, निदान दूध तरी चांगलं होईल. मी माझी चूक धुतली आणि त्याच पाण्यानं तिच्यावर शिक्का बसला. आता तर हमालही सांगायचे, की ती काहीबाही करायची, टाकीत उतारे टाकायची, आम्ही पाहिलंय.  चाचा मात्र माझ्याकडे पाहायचे, आणि मग कंप्रेसरकडे वळायचे.

एका नळीत मी ते जंतू ठेवले होते. का ठेवले सांगता येत नाही. प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला. फ्रिज उघडला की मला त्यांची आठवण व्हायची, आणि ते तिथं अंधारात सावकाश वाढतायत हे जाणवत राहायचं. घरी जेवताना, रस्त्यानं चालताना मध्येच वाटायचं, आत्ता, या क्षणालाही. शेवटी मला ते सहन होईना. मी एका चंबूत उकळून गार केलेलं दूध घेतलं, त्यात नळीतला अंश घातला, कापसाचं बूच लावलं आणि थंड ठेवलं. दूध वासानं भरलं तेव्हा चंबू बर्फाच्या डब्यात घालून सायकल काढली.

ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती, रस्त्याच्या कडेला, बायकांच्या रांगेत. खोकला तसाच होता, खडीच्या धुळीनं वाढलेला. मी तिला बाजूला बोलावलं. बाकीच्या बायका पाहत होत्या, एकजण दुसरीच्या कानात काहीतरी बोलून हसली. बाभळीची विरळ सावली होती तिथं आम्ही उभे राहिलो. मी बूच काढून चंबू तिच्यापुढं धरला.

तिनं वास घेतला. डोळे मिटले.  मग विचारलं, "त्यो तुमच्यासंगं कसा आला?"

मी सांगितलं. जंतू काय असतात, ते थंडीत कसे वाढतात, वास कसा सोडतात. तिला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. विरजणाचं उदाहरण दिलं. दही लावतो, ते जसं उबेला लागतं, तसं हे गारव्याला लागतं.  गरम पाणी बंद करायला मीच सांगितलं, हेही सांगितलं.

"म्हंजी माजा धनी न्हवता त्यो."

"नाही."

"आन् तुमाला तवा ठाव हुतं. मला काढलं तवा."

"होय."

तिनं चंबू माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आपटेल. आपटला असता तर बरं झालं असतं. तिनं आत पाहिलं, साधं दूध होतं, पांढरं.

"मी काय बोलले न्हाई तवा," ती म्हणाली. "म्हनलं, त्याच्यापायी काढत्यात, तर काढू द्या. नवऱ्यापायी सोसलं तर काय बिघडलं. आता मी कुनापायी सोसलं म्हनू?"

मी खाली पाहत होतो. तिच्या हातांना खडीनं चिरा पडल्या होत्या आणि त्या चिरांत पांढरी धूळ भरली होती.

तिनं कापूस पुन्हा चंबूच्या तोंडात बसवला आणि चंबू परत दिला. "न्या ह्ये. हितं ऊन हाय, नासंल." मग जाता जाता थांबली. "साहेब, ह्ये मला सांगून काय उपेग? तिकडं सांगा. त्यास्नी सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं. सायकल मारताना छाती हलकी झाली होती. आज कळतं, की जिच्या हातात माझं काही बिघडवणं नव्हतं, तिच्यापुढं मी मन मोकळं करून आलो होतो. तिला कामाची गरज होती, आणि मी तिला खरं दिलं होतं. तिचा माणूसही नेला होता. बदल्यात ज्यानं तिचं काम परत मिळालं असतं ते एक वाक्य अजून माझ्याजवळच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ मॅनेजरांच्या खोलीत गेलो. वाटेत वाक्य जुळवलं होतं. साहेब, वास बाईमुळे नव्हता. एवढंच म्हणायचं, पुढचं आपोआप येईल, असं ठरवलं होतं. मॅनेजर माझीच वाट पाहत असल्यासारखे उठून उभे राहिले. टेबलावर पाकीट होतं. माझ्या कायम होण्याचा हुकूम आला होता. त्यांनी खरंच आनंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला, वडिलांना कळवा म्हणाले, बहिणींचं आता पाहा म्हणाले. मग खणातून डबी काढली, माझा हात धरून पुढं केला आणि तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली.

"हं, घ्या. तोंड गोड करा. आणि तुम्ही काही सांगणार होता का?"

साखर तळव्याच्या घामात ओली व्हायला लागली होती. मी ती तोंडात टाकली आणि नाही म्हणालो.